तीन बोटं

तोंड किती उघडतं हे मोजायला आमच्याकडे पट्टी असते, कॅलिपर असतो. तरी पहिलं माप मी रुग्णाच्याच बोटांनी घेते. तर्जनी, मधलं आणि अनामिका एकमेकांना चिकटवायची, उभी धरायची आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये सरकवायची. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं जातात, म्हणजे साधारण चार सेंटिमीटर. मध्यंतरी आलेल्या मुलाच्या तोंडात दीड बोट गेलं.

मुलगा चोवीस वर्षांचा. ऑटो चालवतो. तक्रार वेगळीच घेऊन आला होता.

"मॅडम, सकाळी तर्री पोहे खायची सवय आहे. आता तर्री झोंबून राहिली. मले वाटलं उष्णता वाढली."

"पाणीपुरी जाते का तोंडात?"

तो थोडा हसला. "नाही जात. फोडून खातो."

"खर्रा किती होतात दिवसाला?"

"चार-पाच होऊन जातात."

गाल आतून चाचपला. निरोगी गालाचं आतलं अस्तर ओल्या मखमलीसारखं असतं, बोटाखाली सरकतं. याच्या गालात उभे दोर लागत होते, खाट विणावी तसे. रंग गुलाबी राहिला नव्हता, संगमरवरासारखा पांढुरका झाला होता. या रोगाला आम्ही ओएसएमएफ म्हणतो, पूर्ण नाव ओरल सबम्युकस फायब्रोसिस. नागपूरच्या कुठल्याही दातांच्या दवाखान्यात सकाळी तासभर बसलात तर याचा एखादा तरी रुग्ण बघायला मिळेल.

बाहेरगावच्या वाचकांसाठी खर्रा म्हणजे काय ते सांगते. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायचे आणि ती पन्नी तळव्याखाली घोटत राहायची. पानठेल्याजवळून गेलं की तो घोटण्याचा आवाज येतो. रस सुटतो, पन्नीला आतून वाफ धरते, वर गाठ मारून पुडी हातात पडते. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली. खर्रा समोर घोटून मिळतो, त्यामुळे तो ताजा आणि म्हणून कमी वाईट, असं आमच्या ओपीडीतले निम्मे लोक मनापासून मानतात. सगळा दोष तंबाखूचा, सुपारी तर पूजेतली, असं मानणारे त्याहून जास्त. मला सगळ्यात जास्त झगडावं लागतं ते या सुपारीच्या चांगुलपणाशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं, त्याला वीस वर्षं होऊन गेली.

मी मुखविकृतीशास्त्राची आहे. म्हणजे गालातला तांदळाएवढा तुकडा माझ्याकडे फॉर्मलिनच्या बाटलीत येतो. तो मेणात बसवतात, केसाहून पातळ काप काढतात, जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवतात आणि मग मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते. ओएसएमएफची काच मला दुरूनही ओळखू येते. वरचं अस्तर झिजून पातळ झालेलं असतं. एरवी ते खाली मुळं सोडावीत तसं उतरलेलं असतं, इथे ती मुळं सपाट होतात. त्याखाली जिथे सैल जाळी, रक्तवाहिन्या, पेशींची वर्दळ असायला हवी, तिथे नुसता गुलाबी घट्ट पट्टा. कोलॅजन. जखम भरून आल्यावर व्रण राहतो ना, तसा संपूर्ण गालच आतून व्रण होऊन जातो.

हे होतं कसं? सुपारीत अ‍ॅरेकोलीन नावाचं द्रव्य आहे. कोलॅजनचे धागे तयार करणाऱ्या पेशींना ते चेव आणतं. जुने धागे मोडीत काढायचं काम मंदावतं, नवे मात्र येतच राहतात. आणि सुपारीत तांबं असतं, इतर बऱ्याच खाण्याच्या वस्तूंपेक्षा जास्त. कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांशी पक्क्या गाठी मारणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आपल्या शरीरात आहे, लायसिल ऑक्सिडेज. ते तांब्याशिवाय चालत नाही. दिवसातून चार वेळा अर्धा-अर्धा तास गालात सुपारी धरली की त्या विकराला हवं ते घरपोच मिळतं. गाठी बसत जातात. एकदा बसलेल्या गाठी सुटत नाहीत.

1952 साली केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात हा प्रकार पहिल्यांदा नोंदला गेला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी त्यावर लिहिलं. 1966 मध्ये डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या सत्यवती सिरसाट या दोघांनी या रोगाची जी व्याख्या केली, ती आजही आमची मुलं परीक्षेत लिहितात. मी शिकत असताना सिरसाट हे नाव वाचून मला फार बरं वाटलं होतं. सूक्ष्मदर्शकासमोर तासन् तास बसलेली एक बाई, आपल्या मुंबईतली. नंतर केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात अशा 66 रुग्णांवर 17 वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यातल्या पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला.

तांब्याची गोष्ट इथे संपत नाही, आणि मला हे लिहावंसं वाटलं ते तिच्या पुढच्या भागामुळे.

माझं माहेर काटोलकडचं, संत्र्याच्या बागेतलं. पावसाळ्याच्या तोंडावर बाबा झाडांच्या बुंध्यांना बोर्डो मलम लावायचे. एक किलो मोरचूद (हा तांब्याचाच क्षार), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद एका बादलीत, चुना दुसऱ्या बादलीत, दोन्ही रात्रभर भिजवायचं आणि सकाळी एकत्र करायचं. मोरचुदाचं ते निळं पाणी इतकं सुंदर दिसायचं की हात घालायचा मोह व्हायचा, आणि आई ओरडायची. मलम बरोबर झालं की नाही हे बघायला बाबा लोखंडी विळा त्यात बुडवायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा राहिला, अजून चुना घाला. मग कुंच्याने बुंधे रंगवायचे. संध्याकाळी सगळी बाग निळे मोजे घातल्यासारखी दिसायची.

हे सगळं डिंक्यासाठी. बुंध्याची साल तडकते, डिंकाचे ओघळ येतात, मुळं कुजतात, पाच-सात वर्षांचं फळावर आलेलं झाड वाळून जातं. कारण फायटोप्थोरा. वागणं बुरशीचं, पण आजच्या वर्गीकरणात तो बुरशीत बसत नाही, पाण्यातल्या शेवाळांच्या जवळ जातो. त्याच फायटोप्थोराची भावंडं कोकणात आणि कर्नाटकात सुपारीच्या झाडावर कोळेरोग आणतात. पावसात कोवळ्या सुपाऱ्या कुजून गळतात. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन या शास्त्रज्ञांनी 1910 च्या सुमारास त्याचा छडा लावला आणि उपाय सांगितला तो बोर्डो मिश्रणाचा. तेव्हापासून सुपारीच्या बागांवर मोरचुदाची फवारणी चालत आली आहे.

म्हणजे रोग टाळायला झाडावर तांबं. आणि सुपारीतल्या तांब्याने गालात गाठी. सुपारीतलं तांबं किती या फवारणीतून येतं, किती मातीतून आणि किती झाडाच्या स्वतःच्या स्वभावातून, यावर संशोधक मोजमापं करत आहेत, फवारणीचा त्यात हात असावा असं काहींनी मांडलंही आहे. मी वाचलं तेव्हा बाबांचा तांबूस विळा डोळ्यांसमोर आला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. शेतकऱ्याने काही चूक केली असं मी म्हणत नाही. माझे बाबाही तेच करत होते, आणि संत्र्याच्या बुंध्यावरचा मलम काही फळात उतरत नाही. पण वनस्पतिरोगाचा अभ्यास करणारे, कर्करोगाचा अभ्यास करणारे आणि माझ्यासारखे गाल चाचपणारे इतकी वर्षं एकमेकांच्या शेजारून जात राहिलो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता भाऊ बाग बघतो. तो मलम लावतोच, पण त्याच्या जोडीला शेणखतात ट्रायकोडर्मा मुरवून झाडाच्या आळ्यात टाकतो. ही खरी बुरशी, हिरव्या भुकटीची. दुसऱ्या बुरशीच्या धाग्याला ती वेटोळं घालते आणि त्याची भिंत विरघळवणारी विकरं सोडते. तिच्याच एका जातीची कथा मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचं सुती कापड आणि तंबू भराभर कुजायला लागले. का कुजतात ते शोधताना एक बुरशी हाती लागली, जी कापसातला सेल्युलोज खाऊन साखर करते. शत्रू म्हणून पकडलेली ती बुरशी पुढे कारखान्यांनी पाळली. आज सेल्युलोज मोडणारी विकरं बनवणारे या बुरशीचे औद्योगिक वाण त्या एका नमुन्याचे वंशज आहेत. सीताबर्डीच्या बाजारात टांगलेल्या त्या मऊ, विटक्या जीन्स असतात ना, तो मऊपणा अशाच विकरांतून येतो. बुरशीकडे बघायची माझी नजर या गोष्टीने बदलली होती.

मग 2021 चा मे महिना आला.

माझे मामा उमरेडचे. साखरेचा त्रास जुना. करोना होऊन गेला, स्टेरॉइड दिली होती, साखर चढली होती. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांत वरची दाढ दुखायला लागली. जवळच्या एका दवाखान्यात गेले. तिथे दोन दाढा काढल्या. जखम भरेना. तिसरीही हलायला लागली. त्यांना सांगितलं, अशक्तपणा आहे, भरेल. मामींनी मला फोन केला तो बाराव्या दिवशी, तोही दुसऱ्याच कामासाठी, आणि बोलता बोलता म्हणाल्या, "यांच्या टाळूवर काळा डाग आला आहे गं, काजळ लागल्यावानी."

मी गाडी पाठवली.

टाळूवरचा तो भाग खरवडून काचेवर घेतला, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, वर पातळ काच ठेवली. पेशी विरघळतात आणि बुरशी तेवढी उरते, याला काही मिनिटं लागतात. इतर वेळी मी तेवढ्यात चहा घेऊन येते. त्या दिवशी तिथेच उभी राहिले. मग दिसलं. रुंद, चपटे, रिबिनीसारखे धागे. मध्ये पडदे नाहीत. फांद्या काटकोनात फुटलेल्या. म्युकर. ज्या बुरशीचं कौतुक मी वर्गात पोरांना सांगते, तिची ही चुलत घराणी शिळ्या भाकरीवर, मातीत, कुजलेल्या फळावर सगळीकडे असतात आणि सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत. पण रक्तात साखर वाढली, आम्ल वाढलं की रक्तात बांधून ठेवलेलं लोह सुटं होतं, आणि या बुरशीला लोहाचीच भूक असते. ती रक्तवाहिनीत शिरते, वाहिनी तुंबते, पुढचा भाग रक्तावाचून मरतो. तो काळा रंग मेलेल्या मांसाचा असतो.

त्या वर्षी नागपुरात हे इतके रुग्ण आले की माझ्या सहकाऱ्यांचे हात शिवून शिवून सुजले. औषध अ‍ॅम्फोटेरिसिन, तेही मुळात व्हेनेझुएलातल्या नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूकडून मिळालेलं. मे महिन्याच्या अखेरीस वर्ध्यात त्याचं उत्पादन सुरू झालं तोवर लोक एकेका कुपीसाठी रात्री-बेरात्री फिरत होते. मामांची किडनी ते औषध सोसेल की नाही हे रोज तपासावं लागायचं. मामांचा डोळा वाचला. वरचा जबडा अर्धा गेला.

त्या बारा दिवसांचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. तिथल्या कुणीतरी एकदा टॉर्च मारून टाळू बघितली असती. एवढंच करायचं होतं. पण खरं सांगायचं तर अशी एक न बघितलेली गोष्ट माझ्याही खात्यावर आहे.

खूप वर्षांपूर्वी, नुकती डिग्री घेतल्यावर, मी रामटेकच्या पुढे देवलापारकडे एका शिबिरात जात असे. दाढदुखीला डायक्लोफिनॅक लिहून द्यायची. स्वस्त, लवकर गुण. एक म्हातारे गृहस्थ चिठ्ठी हातात धरून म्हणाले, "डॉक्टरबाई, हे दवा गाईलेही चालते का? लंगडून राहिली." मी म्हटलं, "जनावराचा डोस वेगळा असतो बाबा, पशुवैद्याला विचारा." माझ्या दृष्टीने प्रश्न संपला.

हे मी माझ्या मावसबहिणीला सांगितलं. ती पशुवैद्य आहे, वन्यप्राण्यांचं काम करते. ती जेवता जेवता थांबली. म्हणाली, "ताई, त्याला नको म्हणून सांगायचं होतंस."

तिने मला गिधाडांचं सांगितलं. डायक्लोफिनॅक दिलेली गाय मेली, गिधाडांनी खाल्ली, की त्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. आतले अवयव युरिक आम्लाच्या पांढऱ्या खडूने माखल्यासारखे होतात. 2004 साली हे कारण सिद्ध झालं. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं 99.9 टक्क्यांनी घटली होती. 2006 मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं, पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून 2015 मध्ये माणसांची कुपीही एका डोसाची, तीन मिलिलिटरची करावी लागली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं औषध तेव्हाही होतं. एक शब्द सांगायचा होता मला.

लहानपणी काटोलच्या रस्त्याला, ढोर फेकायच्या जागेवर गिधाडं बसलेली मी पाहिली आहेत. आम्ही नाक दाबून पळायचो. माझ्या मुलीने गिधाड पाहिलं नाही. जानेवारी 2024 मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली काही गिधाडं पेंच आणि ताडोब्यात आणली, आधी मोठ्या पिंजऱ्यात सवय करवली, मग पाठीवर ट्रान्समीटर बांधून सोडली. बहीण त्यांच्या बातम्या घरच्यांच्या तब्येतीसारख्या सांगते. ती कधी कधी वाघाच्या शवविच्छेदनालाही असते. पंचनाम्यात सुळे चार, नखं अठरा, सगळं शाबूत, असं लिहावं लागतं, म्हणजे शिकार नाही हे कळतं. "पहिल्यांदा तोंडच उघडून बघतो आम्ही," ती म्हणाली, "तुझ्यासारखंच." वाघाच्या तोंडाला किती महत्त्व आहे हे तिच्याकडूनच कळलं. 1907 मध्ये मारल्या गेलेल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचे उजवीकडचे वरचे-खालचे दोन्ही सुळे जुन्या गोळीने तुटलेले होते. शिकार जमेना म्हणून ती माणसांकडे वळली असावी.

नागपुरात डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय एकल आरोग्य संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि परिसर यांचे रोग एका छताखाली अभ्यासायचे, अशी ती कल्पना. तिथल्या जेवणाच्या टेबलावर दातवाले, संत्रावाले आणि गिधाडवाले शेजारी बसावेत, एवढी माझी इच्छा आहे. आमच्या घरी ते बसतात म्हणून तर मला हे सगळं कळलं.

ऑटोवाल्या मुलाला मी आइस्क्रीमच्या काड्या दिल्या आहेत. दातांमध्ये जेवढ्या मावतात तेवढ्या एकावर एक ठेवायच्या, पाच मिनिटं धरायच्या, दिवसातून चार वेळा. दर आठवड्याला मध्ये एक काडी सरकवायची. तो तेरा काड्यांवर आला, आता चौदाव्या काडीशी झगडतो आहे. खर्रा दिवसाला एकावर आणला म्हणतो. मी त्याला म्हटलं, एकही नको. तो म्हणाला, "सोडून राहिलो ना मॅडम." पुढच्या मंगळवारी बोलावलं आहे.

आणि मामा. त्यांना आमच्याच एका सहकाऱ्याने टाळूची प्लेट करून दिली. गुलाबी अ‍ॅक्रिलिकची, जबड्याच्या पोकळीत बसणारी, वर सहा दात लावलेली. ती काढली तर मामांचं बोलणं नाकातून येतं आणि पाणी प्यायलं तर नाकातून बाहेर पडतं. प्लेट बसली की टक असा बारीक आवाज होतो आणि मामा पुन्हा मामा होतात.

गेल्या श्रावणात आम्ही उमरेडला होतो. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि सकाळी दारावर सात्या विकायला बाई आली. वारुळातून उगवणारी ती अळंबी, वाळवी जमिनीखाली पाळते त्या बुरशीची. लांब पांढरे दांडे, टोकाला अजून न उमललेली छत्री, देठाला लाल माती. मामींनी वाटा घेतला, माती खरवडली, कांदा-तिखट टाकून पातळ रस्सा केला, वर सांभार, म्हणजे कोथिंबीर. मी मनात म्हटलं, हे मामांना नको असेल. बुरशी हा शब्दच त्या घरात कुणी काढत नाही.

मामांनी हात धुतले. प्लेट काढली, नळाखाली धरून अंगठ्याने आतून-बाहेरून घासली, झटकली, तोंडात घातली. टक. मग ताट पुढे ओढलं आणि मामींना म्हणाले, "सात्या वाढ अजून. यांनाच सगळ्या घातल्या का?"